रविवारच्या सभेचं प्रोसिडिंग

"लिहा," पोफळे म्हणाले, "सभेस एकूण सहाशे बारा सभासद उपस्थित होते."

"सभा रविवारी आहे, साहेब. आज गुरुवार," मी म्हटलं. दर वर्षी मी हे एकदा तरी म्हणायचीच. तेवढीच माझी गंमत.

"गेल्या वर्षी किती लिहिले होते?"

"सहाशे अकरा."

"मग बरोबर आहे. एक वाढला. पुढं लिहा. अध्यक्ष आबासाहेब थोरवे यांचे आगमन होताच सभासदांनी उभे राहून टाळ्यांच्या कडकडाटात त्यांचे स्वागत केले. कंसात, टाळ्या."

"कडकडाट लिहिलाय की. परत कंसात टाळ्या कशाला?"

"त्या वेगळ्या, जगदाळेबाई. त्या नंतरच्या."

ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. भोरवडच्या काचकामगार संघटनेच्या कचेरीत मी कारकून होते, आणि आमची कामाची पद्धत अशीच होती. आधी प्रोसिडिंग, मग सभा. लोक म्हणतात सभेत जे झालं ते लिहायचं असतं. आमच्याकडं जे लिहिलं ते सभेत व्हायचं, आणि गेल्या चाळीस वर्षांत ते कधी चुकलं नव्हतं. रविवारी पोफळे, म्हणजे आमचे सरचिटणीस, माइकसमोर उभं राहून म्हणायचे, "ठराव क्रमांक अमुक, वाचून झाला असे समजावे." जिलेबीच्या पातेल्यांकडं तोंड करून बसलेली माणसं "मंजूर" म्हणायची. की झालं एकमत. कुणी नको म्हटल्याची एक ओळ त्या जाडजूड वहीत सापडली असती, तर मी नोकरी सोडली असती. वही मात्र पक्की होती. पानापानावर छापील आकडा, पहिल्या पानावर सरकारी कचेरीचा शिक्का. पान फाडायचं नाही, खोडायचं नाही. आमच्या संघटनेत कायद्यानं चालणारी तेवढी एकच वस्तू होती.

"आता ठराव क्रमांक सात," पोफळे म्हणाले आणि त्यांनी दरवाजाकडं पाहून घेतलं. "हा जरा नीट अक्षरात काढा. कलम सत्तावीस रद्द करणेबाबत."

कलम सत्तावीसचा इतिहास सांगितल्याशिवाय पुढं जाता यायचं नाही. दहा वर्षं पदावर काढलेल्या पदाधिकाऱ्याला साठी उलटल्यावर संघटना दरमहा निवृत्तीचं मानधन देत असे. तीन वर्षांपूर्वी त्यात आबांनी स्वतः सत्ताविसावं कलम घातलं, की फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाला हे मानधन मिळणार नाही. तेव्हा आबांनी छातीवर हात ठेवून भाषण केलं होतं. संघटना म्हणजे आपलं देवघर, देवघरात चपला घालून येऊ देणार नाही, वगैरे. मी ते भाषण दोन दिवस आधी लिहून काढलं होतं, त्यामुळं मला पाठच आहे.

त्यानंतर वर्षभरात आबांनाच शिक्षा झाली. कामगारांच्या तीनशे घरांसाठी संघटनेनं सिमेंट घेतलं होतं. घरं काही झाली नाहीत, पण तालुक्याच्या रस्त्यावर आबांचं मंगल कार्यालय मात्र झोकात उभं राहिलं. कोर्टाला हा योगायोग पटला नाही. दोन वर्षं. सुटून आले तेव्हा एसटी स्टँडवर बँड होता, आणि जिलेबी होती हे सांगायला नकोच. आता आबांना अध्यक्षपद सोडून मार्गदर्शक व्हायचं होतं. मानधनासकट.

"लिहा. सबब कलम सत्तावीस रद्द करण्यात येऊन, अध्यक्षपद भूषवलेल्या आबासाहेब थोरवे यांस..."

"पोफळे मास्तर, येऊ का आत?"

दारात सदूभाऊ उभा होता. सदाशिव खिल्लारे. रस्त्यापलीकडं त्याचं सायकल दुरुस्तीचं पत्र्याचं शेड होतं, माझ्या खिडकीच्या बरोब्बर समोर. एके काळी तो संघटनेचा सहचिटणीस होता, तेरा वर्षं. मग बहात्तरच्या संपात मॅनेजरला फाटकाजवळ कुणीतरी काच फुंकायची लोखंडी नळी घातली. खांद्याचं हाड मोडलं. सदूभाऊ चौकीवर जाऊन म्हणाला, मी मारलं. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली, नोकरी गेली. त्यानं मारलं नव्हतं हे सगळ्या भोरवडला ठाऊक होतं. मग कुणी मारलं, असं विचारलं की सगळे आभाळाकडं बघायचे.

"बोल, सदाशिव," पोफळे म्हणाले.

"कलम काढताय म्हणे. म्हटलं माझाही अर्ज द्यावा." त्यानं वंगणाच्या बोटांनी घडी घातलेला कागद माझ्या टेबलावर ठेवला. "वहिनी, हा चौथा. आधीचे तीन आहेत ना तुमच्याकडं?"

होते. एकाच फायलीत, एकाखाली एक. प्रत्येकाला 'कलम सत्तावीसनुसार विचार करता येत नाही' असं उत्तर गेलं होतं, आणि तिन्ही उत्तरं माझ्या अक्षरात होती. खरं तर ते कलम त्याच्या पहिल्याच अर्जानंतर जन्माला आलं होतं. म्हणजे देवघरात कुणाच्या चपला नको होत्या ते तुम्हाला कळलं असेल.

"तुझी अडचण काय आहे पण?" पोफळ्यांनी विचारलं, जणू माणूस अडचणीशिवाय अर्ज करतो तो शौक म्हणून.

"दिवाळीनंतर रस्ता रुंद करणार आहेत. शेड जाणार. ताई अंथरुणावर आहे, तिचा एक हात नि एक पाय गेलाय. तिची औषधं पंक्चर काढून चालतात. शेड गेल्यावर पंक्चर कुठं काढू?"

तेवढ्यात आबाच आले. पांढरीशुभ्र खादी, कपाळाला गंध, तुरुंगात वजन वाढलेलं. त्यांनी सदूच्या खांद्यावर हात टाकला.

"सदू, अरे तू तर माझा उजवा हात."

"मग आबा, उजव्या हाताचंही नाव घाला की ठरावात. तुम्हालाही शिक्षा झाली, मलाही झाली."

आबांनी हात काढून घेतला, पण हसू ठेवलं. "तसं नसतं रे. माझ्यावर चारशे नऊ होतं, तुझ्यावर तीनशे सव्वीस. मी व्यवहारात सापडलो, तू मारहाण केलीस. संघटनेचा मार्ग अहिंसेचा. उद्या लोक म्हणतील, आम्ही मारामारीला मानधन देतो. शोभेल का?"

"मारहाण केली का मी, आबा?"

पोफळे चष्मा पुसायला लागले. मी शाईची दौत उगाच इकडची तिकडं केली.

"कोर्टानं तसं म्हटलंय," आबा म्हणाले. "कोर्टाचा मान आपण ठेवायला नको?"

कोर्टाचा मान. ज्यांनी निकाल लागला त्या दिवशी कोर्टाबाहेर न्यायमूर्तींच्या नावानं शिमगा केला होता, ते हे बोलत होते. सदूभाऊनं माझ्याकडं पाहिलं आणि पलीकडं जाऊन पंप मारायला लागला. त्याची छाती मजबूत होती. सायकलला हवा भरताना तो दमत नसे. आमचे हे भट्टीवर काच फुंकता फुंकता छाती जाऊन पाच वर्षांपूर्वी वारले होते, त्यामुळं कुणाचा श्वास कसा चालतो इकडं माझं लक्ष असायचं. ते गेले तेव्हा पदरात दोन मुलं होती. आबांनी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मला कचेरीत खुर्ची दिली होती. ती खुर्ची आबांची होती, आणि त्या खुर्चीवर बसून मी लिहीत होते.

"चौथ्याला पण तेच उत्तर काढा," पोफळे म्हणाले. "फक्त सोमवारची तारीख घाला. रविवारी कलम जातंय, म्हणजे उत्तरात कलमाचं नाव नको. 'योग्य त्या विचारांती' असं लिहा."

शनिवारी दुपारी मी पक्की प्रत काढायला बसले. हे काम एकटीनं करायचं असे, कारण खोडाखोड चालत नव्हती. ठराव एक ते सहा सरळ गेले. ताळेबंद मंजूर, दुखवट्याचा ठराव मंजूर, प्रमुख पाहुण्यांचे आभार मंजूर, जरी पाहुणे अजून पुण्याहून निघायचे होते. सातव्या ठरावाशी आले. 'अध्यक्ष आबासाहेब थोरवे' इथपर्यंत लिहिलं, आणि खिडकीतून समोर पाहिलं.

सदूभाऊ ताईसाठी डबा बांधत होता. शेडात स्टोव्ह होता, त्यावर तो भात करायचा, आणि एक वाजता सायकलवरून घरी नेऊन तिला भरवायचा. मी हे रोज बघायची. त्या दिवशी मला बघवेना. मान खाली घालावी तर खाली तो ठराव. भीती तर वाटतच होती. दोन मुलांच्या फिया, घरभाडं, सगळं त्या खुर्चीवर होतं. तरी मी लिहिलं. 'अध्यक्ष आबासाहेब थोरवे, तसेच माजी सहचिटणीस श्री. सदाशिव रामा खिल्लारे, या उभयतांस निवृत्ती मानधन देण्यात यावे.' अक्षर जरासुद्धा हललं नाही. एवढं सुंदर अक्षर मी जन्मात काढलं नसेल.

मला मोठं धाडस केल्यासारखं वाटलं, पण खरं सांगायचं तर माझा हिशेब भेकडाचाच होता. सभेत कुणी वाचत नाही. सह्या होणार, मंजूर होणार, सोमवारी नक्कल सरकारी कचेरीत जाणार, शिक्का बसणार. कुणाला कळेल तेव्हा पान फाडता येणार नाही. आणि मी म्हणणार, लिहिताना चुकून पडलं.

चार वाजता आबा आणि पोफळे सह्या करायला आले. जिलेबी करायची की बुंदी यावर त्यांचं भांडण चाललं होतं.

"बुंदी हातात मावते, प्लेट लागत नाही," पोफळे म्हणत होते.

"आणि खाली सांडते. कार्यालयाची फरशी नवीन आहे," आबा म्हणाले आणि सातव्या ठरावाखाली वळणदार सही केली. आमचे अध्यक्ष कागद न वाचता सही करायचे. वाचायचं तर मग सरचिटणीस कशाला ठेवला, असं त्यांचं म्हणणं. सरचिटणीसही वाचत नसत, कारण अध्यक्षांची सही झालेली असे.

रविवारी सभा आबांच्या मंगल कार्यालयात होती. संघटना त्याचं भाडं भरत असे. भट्टीवरची माणसं म्हणायची, भिंतीला टेकून बसलं की आपल्याच घराला टेकल्यासारखं वाटतं. व्यासपीठावर आबा, पोफळे आणि पुण्याचे प्राचार्य केळुसकर. कामगार चळवळीतली नैतिकता हा त्यांचा विषय होता. आबांनीच सुचवला होता. मी बाजूच्या टेबलाशी वही घेऊन बसले. बाहेर फाटकाशी सदूभाऊनं पंप आणि ठिगळांची पेटी मांडली होती, कारण शेदोनशे सायकली एका जागी वर्षातून एकदाच मिळतात.

सगळं वहीत लिहिल्याप्रमाणं चाललं होतं. आबा आले, माणसं उभी राहिली, टाळ्या. मग त्या नंतरच्या टाळ्या. सहा ठराव वाचून झाले असे समजले गेले.

"ठराव क्रमांक सात," पोफळे म्हणाले, "वाचून झाला असे..."

"थांबा, थांबा," केळुसकर म्हणाले. "वाचा की. मगाचपासून बघतोय, तुम्ही काही वाचतच नाही. कामगारांना कळायला नको काय मंजूर करतायत ते?"

बिचाऱ्याला आमची पद्धत माहीत नव्हती. परगावचा माणूस. पोफळ्यांनी आबांकडं पाहिलं. आबांना पाहुण्यांसमोर नाही म्हणता येईना. "वाचा, वाचा," ते म्हणाले आणि कौतुक ऐकायला मान जरा झुकवून बसले.

पोफळे माझ्या टेबलाशी येऊन वही घेऊन गेले. पातेल्यांकडची तोंडंसुद्धा माइककडं वळली होती, कारण पोफळे वाचतायत ही नवलाई होती.

"सबब कलम सत्तावीस रद्द करण्यात येऊन," पोफळ्यांनी गाणं म्हटल्यासारखं सुरू केलं, "अध्यक्ष आबासाहेब थोरवे, तसेच माजी सहचिटणीस श्री. सदाशिव रामा खिल्लारे, या उभयतांस..." त्यांची जीभ पुढं गेली होती आणि डोकं मागं राहिलं होतं. ते थांबले. चष्मा वर केला, खाली केला.

मग मागून, दोन नंबर भट्टीच्या माणसांतून, कुणीतरी टाळी वाजवली. एकच. मग दुसरी. मग जे सुरू झालं ते मी एकूण बारा वर्षांच्या नोकरीत ना आधी ऐकलं ना नंतर. माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. कंसातल्या टाळ्यांचा आवाज कसा असतो ते मला माहीत होतं. हा तो नव्हता.

"कोण हे खिल्लारे?" केळुसकरांनी विचारलं.

आबा उठले. मी डोळे मिटून घेतले. आबांनी पोफळ्यांच्या हातून माइक घेतला आणि टाळ्या थांबायची वाट पाहिली. मानलं पाहिजे त्या माणसाला. तेवढ्या वेळात त्यांचा चेहरा पांढऱ्याचा लाल आणि लालाचा हसरा झाला होता.

"मित्रांनो," आबा म्हणाले, आणि आवाज कापवला. "माझे सहकारी म्हणत होते, आबा, फक्त तुमचं नाव घालू. मी म्हटलं, सदूशिवाय मी एक पैसा घेणार नाही. माझा हट्ट होता. तुम्ही तो पुरवलात."

केळुसकरांनी रुमाल काढून डोळे टिपले. नैतिकतेचं उदाहरण त्यांना आयतंच मिळालं होतं. माणसं बाहेर धावली आणि सदूभाऊला धरून घेऊन आली, हात काळेकुट्ट, खांद्यावर सायकलची ट्यूब. आबांनी स्वतःच्या गळ्यातला हार त्याच्या गळ्यात घातला आणि माइक पुढं केला. तेव्हा माझी खरी गाळण उडाली. त्या माइकवर सदूभाऊ काय काय बोलू शकला असता ते व्यासपीठावरच्या एकाला आणि खाली बसलेल्या मला ठाऊक होतं.

सदूभाऊनं माइककडं पाहिलं, मग आबांकडं. "पहिल्या तारखेला मिळेल ना?" त्यानं विचारलं. "ताईची औषधं महिनाअखेरीला संपतात."

लोक हसले आणि परत टाळ्या झाल्या. जिलेबी वाढायला सुरुवात झाली.

संध्याकाळी आबांनी मला कार्यालयाच्या मागच्या खोलीत बोलावलं. वही त्यांच्या पुढ्यात उघडी होती.

"शालन, हे काय?"

"लिहिताना चुकून पडलं, आबा."

"चुकून." त्यांनी माझ्या त्या सुंदर अक्षरावरून बोट फिरवलं. "तुझ्या नवऱ्याचा हातही असाच चुकून पडला होता. मॅनेजरच्या खांद्यावर."

चौदा-पंधरा वर्षांत हे वाक्य पहिल्यांदाच कुणी माझ्यासमोर बोललं. आता लपवण्यासारखं काही नाही म्हणून सांगते. नळी आमच्या ह्यांनी घातली होती. त्या दुपारी ते धावत घरी आले तेव्हा शर्टावर रक्त होतं. तो शर्ट मी धुतला. मला पाचवा महिना होता. पाठोपाठ आबा आले आणि सदूभाऊ आला. आबा म्हणाले, कुणाला तरी जावं लागेल, नाहीतर पोलीस सगळ्यांना उचलतील. सदूभाऊनं माझ्याकडं पाहिलं, माझ्या पोटाकडं पाहिलं, आणि म्हणाला, मला नाही पोरबाळ, मी जातो. उंबऱ्यावर बसून म्हणाला, वहिनी, घोटभर चहा टाका, मग निघतो. मी चूल पेटवली. पाणी उकळायच्या आत गल्लीत जीप आली आणि तो तसाच उठून गेला.

आणि त्याच्या तीन अर्जांना मी माझ्या हातानं 'नाही' असं लिहिलं होतं. आबांचा नि पोफळ्यांचा मी एवढा उद्धार केला, त्यात माझं नाव यायचं राहिलं होतं, ते आता आलं.

"मला काढून टाका, आबा," मी म्हटलं.

"कशी काढू? काढलं तर चूक झाली असं म्हणावं लागेल. आज माझा हट्ट होता ना तो?" ते हसले. "नाही, तू राहा. आणि दर पहिल्या तारखेला त्याचं पाकीट तूच नेऊन द्यायचं. त्याच्या हातात. सही घेऊन. तुला एवढी माया आहे तर होऊ दे."

आबांना माणसाला शिक्षा द्यायची कला होती. कोर्टाला ती कधी जमली नाही.

एक तारखेला मी पाकीट आणि पावतीपुस्तक घेऊन रस्ता ओलांडला. दहा पावलांचा रस्ता, पाच वर्षांत मी तो कधी ओलांडला नव्हता. सदूभाऊनं एक डबा उलटा करून मला बसायला दिला.

पावतीवर मीच लिहिलं होतं, 'संघटनेच्या कार्यात भोगलेल्या शिक्षेबद्दल.' त्यानं ते ओठ हलवत वाचलं.

"माझं नाव कुणी घातलं, वहिनी?"

"लिहिताना चुकून पडलं, भाऊ."

"हं. चौकीवरच्या कागदात पण असंच पडलं होतं." तो मोकळेपणी हसला. मग हसू विरलं. "एक विचारू? हे शिक्षेबद्दल म्हणता. मी आत गेलो तर मला तुरुंगाच्या मळ्यात घातलं. दीड वर्ष वांगी नि मेथी लावली. भट्टी सुटली ती कायमची. डॉक्टर माझी छाती तपासतो नि म्हणतो, चाळिशीतल्या माणसाची आहे. आणि तुमचा भगवान राहिला भट्टीवर. दहा वर्षं. शेवटी शेवटी त्याला जिना चढता येईना, मी इथनं बघायचो." त्यानं पेन खाली ठेवलं. "मला वाटलं मी त्याला वाचवतोय. मीच त्याला परत भट्टीवर धाडला, वहिनी. शिक्षा झाली कुणाला? हे पैसे त्याचे आहेत. तुम्ही घ्या."

रडले असते तर त्यानं पाकीट माझ्या पदरात टाकलं असतं, म्हणून मी कचेरीतला आवाज काढला.

"त्यांना शिक्षा झालेली नाही, भाऊ. त्यांचं नाव नियमात बसत नाही. तुमचं बसतं. इथं सही करा."

मग त्यानं सही केली, पाकीट ठिगळांच्या पेटीत ठेवलं आणि पेटीचं झाकण लावलं.

"बरं. पण तुमच्याकडं माझा एक चहा राहिलाय."

पुढच्या एक तारखेला मी एका हातात पाकीट आणि दुसऱ्या हातात किटली घेऊन निघाले. दारात पोफळ्यांनी अडवलं.

"हे काय, जगदाळेबाई? चहा कशात घालायचा? किरकोळ खर्चात?"

"कशातच नाही, साहेब. घरचा आहे."

शेडाच्या पत्र्यांवर रस्तावाल्यांनी तांबड्या रंगानं आकडा टाकून ठेवला होता. सदूभाऊनं हात पुसले, उंबऱ्यासारख्या त्या दगडावर बसला आणि बशीत ओतून चहा प्यायला. मी बघत होते.

"साखर कमी आहे," तो म्हणाला.

"त्या दिवशी तर घरात नव्हतीच, भाऊ," मी म्हटलं.